सुताची गाठ आणि वालाचं बिरडं

सत्तरच्या दशकात मी नारपोलीच्या एका कापड कारखान्यात चार लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचो. सूत तुटलं की चिमटीत धरून झटकन गाठ मारायची, एवढीच आमची कला. आणि माझी बोटं तर सकाळी अशी सुजायची, की चहाचा कप दोन तळव्यांत धरावा लागे. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, डोक्यावर उभा. "क्या उस्ताद, मेहंदी सुखा रहे हो? महीनेभर में हाथ ठीक करो, नहीं तो लूम दूसरे को."

डॉक्टर म्हणाले, "काहींचे सांधे खाण्याने बिघडतात. एकेक पदार्थ सोडून बघा."

बायकोला एवढा धीर कुठला! वाल, वांगी, चिंच, दही, सुकट, सगळं त्याच दिवशी हद्दपार. राहिली दुधी आणि भाकरी. तीही तेच खायची. "दोन-दोन भाज्या कोण रांधणार?"

पंधरा दिवसांत बोटं मिटू लागली! पण कशामुळे? मला चैन पडेना. शेजारी चोरून बिरडं खाल्लं. सकाळी डोळे उघडायच्या आधी मूठ मिटून पाहिली. ठणठणीत! कोन गावात मावशीकडे सुकट हाणली. ठणठणीत! वांगं, दही, चिंच, सगळ्यांची चौकशी झाली, सगळे निर्दोष सुटले.

मुदतीला सहा दिवस उरले होते. त्या रविवारी बायको बाजारात गेली तसा मी ताडीवाल्याकडे गेलो. पथ्य सुरू झाल्यापासून रोजची ताडी जमली नव्हती, कारण शिफ्ट सुटली की बायको कारखान्याच्या दारात हजर. दोन लोटे रिचवले. सोमवारी बोटं वांग्यासारखी टम्म!

बायको घाबरली. "आता भाकरीच बाधतेय. उद्यापासून नुसती पेज." आणि स्वतःसाठीही पेजेचेच तांदूळ मोजायला लागली. मग मात्र माझ्याने राहवेना. सगळं कबूल केलं, चोरून खाल्लेलं आणि ताडीही.

"डॉक्टरांना का न्हाय सांगितलं?"

"अगं, ताडी थंड असते. औषधच की ते."

"औषध? आणि मी महिनाभर दुधी गिळतेय तुमच्यापायी!"

ताडी सोडली आणि उरलेले दिवस मी तासातासाला मूठ मिटून बघत होतो. शनिवारी जॉबरने कात्रीने मुद्दाम सूत तोडलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मी सुताची टोकं उचलली. चिमूट, पीळ, गाठ! त्याने गाठ ओढून पाहिली, हुंकार दिला आणि पुढच्या लूमकडे गेला.

घरी बिरड्याचा वास दरवळत होता. बायकोने स्वतःची वाटी काठोकाठ भरली आणि माझ्या ताटात दुधी वाढली.

"तुमचं चोरून खाऊन झालंय ना? मग आठ दिवस हीच."