भांगेचा परवाना आणि गच्चीवरची खोली

चहा आधी पिऊन घ्या. एकदा मी सुरू केलं की तो गार होईल, आणि वर तुम्ही माझ्यावरच हसाल. माझी जी फजिती झाली ती शत्रूचीही होऊ नये. आणि गंमत म्हणजे ती मी कुणाचीही मदत न घेता, संपूर्ण स्वतःच्या अकलेने करून घेतली.

मी मूळचा कऱ्हाडचा. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झालो आणि लेकीकडे बेंगळुरूला, जे. पी. नगरमध्ये येऊन राहिलो. लेक केतकी आयुर्वेदाची वैद्य. एकदा जेवताना ती अगदी सहज म्हणाली, "बाबा, मी भांगेच्या पानांचं तेल करणार आहे, सांधेदुखीवर. राज्य सरकारचा परवाना काढतेय."

माझा घास हातातच राहिला. सरकार भांगेचा परवाना देतं? आमच्याकडे भांग म्हणजे शिमग्याला कुणीतरी पिणार आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विजेच्या खांबाशी गप्पा मारत बसणार, एवढंच मला ठाऊक. मग काय, मला चैनच पडेना. रोज तिला नवा प्रश्न. तेव्हा कळलं की आयुर्वेदात हिला विजया म्हणतात. कायद्याला पान चालतं, बी चालतं, पण त्याच फांदीवरचं फूल खोलीत सापडलं तर थेट तुरुंग. एकाच आईची लेकरं, एक शिक्षक आणि एक दरोडेखोर! तुम्हाला नाही वाटत याचं कुतूहल? मला तर झोप येईना.

पण केतकीसाठी हा गमतीचा विषय नव्हता. तिने रुग्णालयातली नोकरी सोडली होती. घराच्या तळमजल्यावर कोठी केली होती, तिला दोन कुलपं, चारी बाजूंनी कॅमेरे. आता फक्त खात्याचे साहेब येऊन तपासणी करणार, आणि त्यांचं समाधान झालं तर परवाना. नाही झालं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. सगळ्यात कडक नियम असा की ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणत्याही परक्या माणसाला कोठीत पाऊल टाकू द्यायचं नाही. हा नियम मला तोंडपाठ होता, हे आधीच सांगून ठेवतो.

तपासणीच्या दिवशी सकाळी केतकी तेलाच्या बाटल्या आणायला के. आर. पुरमला गेली. या शहरात के. आर. पुरमला जाणं आपल्या हातात असतं, परत येणं नसतं. ती रस्त्यात अडकली. फोनवर म्हणाली, "बाबा, साहेब लवकर आले तर त्यांना बसवा, चहा द्या. बाकी काही बोलू नका."

त्याच दिवशी आणखी एक भानगड होती. गच्चीवरची खोली भाड्याने द्यायची होती. शेजारच्या सरोजअक्का, ज्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यांनी भाडेकरू शोधला होता. "अण्णा, आपला मराठीच माणूस आहे. पाठवते. तुम्ही स्वल्प चौकशी करून घ्या," असं त्या सांगून गेल्या होत्या. स्वल्प म्हणजे थोडी, हे मला आता कळतं.

दुपारी दाराची घंटा वाजली. बाहेर पन्नाशीचे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, आत खोचलेला. काखेत फाइल. पोट शासकीय. त्यांनी हात जोडले आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. झालं, माझ्या मनात शंकेला जागाच उरली नाही. आणि आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला "कोण आपण?" असं विचारायची पद्धत आहे का? आधी पाणी, मग चहा, मग विषय. मी म्हणालो, "कम, सर, कम. वुई आर वेटिंग."

बाकी काही बोलू नका, असं केतकीने बजावलं होतं. पण साहेब नुसते बसलेले, आणि मी गप्प? छत्तीस वर्षं वर्गावर गेलेल्या माणसाला हे कसं जमावं? मी त्यांना थेट कोठीत नेलं. दोन्ही कुलपं काढली. पानांच्या बरण्या दाखवल्या, कॅमेरे दाखवले, किल्ली देवघरातल्या गंगेच्या गडूमागे असते हेही सांगून टाकलं, म्हणजे आपण काही लपवत नाही हे त्यांना कळावं.

त्यांनी पाणी किती वेळ येतं ते विचारलं. मी कावेरीचं आणि बोअरचं, दोन्ही सांगितलं. मग त्यांनी बरण्यांकडे बघत विचारलं की पलंग कुठे टाकायचा. मी मनात म्हटलं, वा साहेब! आडवळणाने पकडायला बघता काय? मी ठणकावून सांगितलं की इथे झोपायची सक्त मनाई आहे. त्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी स्वयंपाकाचं विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही, इथे काडीसुद्धा पेटवायची नाही. पाहुणे आले तर? मी म्हटलं, पाहुण्यांना बंदी, आणि तुम्हीसुद्धा आत आलात की कॅमेऱ्यात दिसणार, रात्रंदिवस.

शेवटी त्यांनी नाकाला रुमाल लावून वास कसला येतोय ते विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, "सर, भांग. फुल्ली लीगल."

ते चहा न घेताच गेले. जाताना चप्पल नीट घालायलाही थांबले नाहीत. मी दारात उभा राहून त्यांच्या पाठीकडे बघत होतो आणि मला भरून आलं. लेकीच्या घरचा घोटभर चहासुद्धा न घेणारा अधिकारी! मी लगेच केतकीला फोन लावला की साहेब येऊन गेले, सगळं पाहिलं, एक उणं काढलं नाही. तिला इतकं हायसं वाटलं की ती म्हणाली, मग आता घाई करत नाही, इथली कामं उरकूनच येते.

मी निवांत झालो. म्हटलं, आता उरला भाडेकरू.

तोही आला. तिशीचा पोरगा, जीन्स, पाठीवर सॅक, हातात हेल्मेट. पोरगा अस्सल मराठीत म्हणाला, "नमस्कार काका. केतकी मॅडम हायत काय?" मराठी माणूस! मी म्हटलं, मॅडम येतील, आधी माझ्यासमोर बसा. तो काही सांगायला गेला तर मी हात वर केला. वर्गात करायचो तसा.

गाव विचारलं. निपाणी. लग्न? झालंय. बायको गावी. नोकरी? सरकारी, औषधांच्या खात्यात. मी समजलो, सरकारी दवाखान्यात गोळ्या देत असणार. मटण खाता? तो गोंधळला, पण म्हणाला, रविवारी खातो. मी म्हटलं, इथे चालणार नाही. रात्री घरी किती वाजता येता? मित्र जमवून आरडाओरडा करता? पोरगा शांतपणे उत्तरं देत होता. मला तो हळूहळू आवडायला लागला होता.

मग मी मुद्द्यावर आलो. "नशापाणी? तंबाखू, दारू?"

"न्हाई काका."

"गांजा, भांग?"

त्याने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मग सावकाश म्हणाला, "रोज बघतो. पण घेत न्हाई."

मी ताडकन उठलो. म्हटलं, असल्या संगतीतला माणूस आमच्याकडे नको. "हे बघ, खाली माझ्या मुलीचं परवान्याचं काम आहे. तुझ्यासारखा एक जरी इथे येऊन गेला हे साहेबांना कळलं, तर तिचं सगळं बुडेल."

"कुठल्या साहेबांना, काका?"

"आत्ताच तपासणी करून गेले ते. देवमाणूस. तू जा."

तो काही उठला नाही. तेवढ्यात दार ढकलून केतकी आत आली, हातात बाटल्यांचं खोकं. पोराला बघताच तिने खोकं खाली ठेवलं आणि ती अंग चोरून उभी राहिली. "सर, तुम्ही पुन्हा आलात? काही राहिलं का?" खात्याच्या कचेरीत अर्ज देताना तिने त्याला पाहिलं होतं.

"पुन्हा कुठलं, मॅडम? मी आत्ताच येतोय." मग माझ्याकडे वळून त्याने अगदी हळू विचारलं, "काका, मग मघाशी कोठीत कोण गेलतं?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यावं? मी केतकीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. नोकरी तिने आधीच सोडली होती, आता माझ्यामुळे परवानाही चालला होता.

उत्तर बाहेरून आलं. सरोजअक्का तणतणत आत शिरल्या. "अण्णा, आमच्या भावोजींना काय सांगितलंत तुम्ही? झोपायचं नाही, रांधायचं नाही, कुणी यायचं नाही, आणि भोवती भांगेच्या बरण्या! भाडं कसलं घेता मग?"

म्हणजे दुपारचे ते फाइलवाले साहेब सरोजअक्कांचे भावोजी होते. घरी मराठी बोलणारे, पण अनोळखी दारात सवयीने कन्नड बोलणारे. आम्ही दोन मराठी माणसं अर्धा तास मोडक्यातोडक्या इंग्रजीत घाम गाळत होतो.

निपाणीचे साहेब उठले. त्यांनी कोठी पाहिली, कुलपं पाहिली, कॅमेरे पाहिले. मी भिंतीला टेकून उभा. जाताना ते म्हणाले, "मॅडम, सामान झकास हाय. पण आज या घरात ज्याची चौकशी करायची त्याला थेट आत सोडलंय, आणि ज्याला आत सोडायचं त्याला मटण इचारलंय. परवाना आज न्हाई. बंदोबस्त करा, मी परत येतो."

केतकीने बाटल्यांचं खोकं उचललं आणि कोठीत जाऊन आतून दार लावून घेतलं. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी किल्लीची जागा बदलली, दारावर ओळखपत्राची पाटी लावली, भावोजींकडे जाऊन माफी मागितली, तीही या वेळी मराठीत.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी सकाळीच केतकीने मला रिक्षात बसवून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला, माझ्या मावसबहिणीकडे पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला. परवाना मंजूर झाला होता. मी विचारलं, साहेबांनी आधी काय बघितलं, कुलूप की कॅमेरे?

ती म्हणाली, "दोन्ही नाही, बाबा. दारातच विचारलं, काका कुठायत? मी म्हटलं, येलहंक्याला. तर म्हणाले, सरी, ठीक हाय, मग तपासायचं काय राहिलं?"