फुगा तेवढाच राहिला

इंदूताईंना जाऊन महिना होऊन गेला. ते कळवणारा फोन त्यांच्या लेकीचा, मीनलचा होता. "काकी, आई..." एवढंच ती बोलली आणि माझ्या तोंडून निघालं, "डोकं?"

"नाही काकी. हार्ट. डायलिसिस चालू असतानाच."

इंदूताई माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं काढली, पण बोली बदलली नाही. एका दुपारी कोळंबी सोलता सोलता त्यांनी एकदम डोकं गच्च धरलं. त्यांची आई अशीच डोकं धरून बसली होती, ती उठलीच नाही. म्हणून डॉक्टरांना मेंदूच्या रक्तवाहिन्या लगेच बघायच्या होत्या. पण ताईंच्या किडन्या निकामी, त्यामुळे शिरा उठून दिसाव्यात म्हणून देतात तो डाय टोचणं धोक्याचं. डायशिवाय एमआरआय होतो, मात्र बराच वेळ जराही न हलता पडून राहावं लागतं. मशीनच्या त्या बोगद्यात ताईंचा जीव घुसमटला. अर्ध्यातूनच बाहेर आल्या, चित्रं सगळी पुसट.

"मी नाय जात परत. मेले तरी चालंल."

त्यानंतर घरात कुणी मोठ्यानं बोलेना. ताई नुसत्या खोकल्या तरी मोठे दीर दारात येऊन उभे राहायचे. मग डॉक्टरांनी कळंबोलीकडच्या एका सेंटरचं नाव सांगितलं. तिथल्या नव्या मशीनवर हीच तपासणी डायशिवाय, खूप कमी वेळात होते. मशीन थोडीच मोजणी घेतं, उरलेलं चित्र कॉम्प्युटर पुरं करतो.

"घाईत काही सुटलं तर?" मी विचारलं.

"हललेल्या चित्रात जास्त सुटेल," डॉक्टर म्हणाले.

ताईंनी मंगळसूत्र काढून दिरांच्या हातात दिलं. "परत घेनार हाय मी," असं दटावलंसुद्धा. मला आत बसू दिलं. मशीन घणासारखं दणदणायला लागलं. मी त्यांचा पाय धरून होते. तो थंडगार, ताठ. शिंक येऊ नये, ठसका लागू नये... एवढंच मनात. आणि आवाज थांबला.

"झाला? इतक्यात?" ताईंनी आतूनच विचारलं.

पडद्यावर खाडीच्या फाट्यांसारख्या शिरा पसरल्या होत्या. एका फाट्यावर बारीकसा फुगा, फुटला तर जीवावर बेतणारा. किडन्यांची ती अवस्था, ऑपरेशनचा धोका फुग्याहून मोठा. म्हणून ठरावीक काळानं तपासत राहायचं ठरलं. दरवेळी फुगा तेवढाच असे. शेवटपर्यंत तो तेवढाच राहिला... आम्ही पहारा देत होतो एका दाराशी.

त्या काळात मी रोज सकाळी त्यांना फोन करायचे. काय विचारायचंय ते त्यांना ठाऊक असायचं. हॅलो न म्हणता त्या म्हणायच्या, "हाय गो, हाय मी अजून."

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी सवयीनं माझ्याकडून तोच नंबर लागला. ठेवणार, तेवढ्यात कुणीतरी उचलला. मग शहरात वाढलेली, शुद्ध बोलणारी मीनल हळूच म्हणाली,

"काकी... मी हाय."