डाव्या गालाचं कासव

लॉगरहेड हे मोठ्या डोक्याचं समुद्री कासव. ओमानच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या माद्यांचे फोटो मी वरवंडच्या घरात बसून ओळखते. चेहऱ्यावरच्या खवल्यांची मांडणी प्रत्येकीची वेगळी असते. डाव्या आणि उजव्या गालांचीही वेगळी. नवा फोटो जुन्याशी जुळला, की ती परत आली हे कळतं. घरी विचारतात, "आज किती कासवं झाली?" मी "बरीच" म्हणते आणि जेवते.

एका मादीपाशी मी अडले. आमच्या संशोधनाच्या प्रमुख मॅडमनी तिला नवी ठरवलं होतं. तिचा उजवा गाल कुणाशीच जुळत नव्हता. मला मात्र ती ओळखीची वाटत होती. जुन्या एका मादीच्या डाव्या पुढच्या पायाला अशीच खाच होती. हिच्या उजव्या पायाला होती. नवी म्हणून नोंद पक्की झाली, तर तिचं परत येणं कुणाला कळलंच नसतं. पण नुसत्या वाटण्यावर बोलायचा माझा स्वभाव नाही.

त्याच आठवड्यात चुलत्यांचा, म्हणजे आप्पांचा, वाढदिवस होता. चौकात फ्लेक्स लागला. काकू आप्पांना आणि मला घेऊन बघायला गेली आणि तिथूनच तिनं दौंडच्या फ्लेक्सवाल्याला स्पीकरवर फोन लावला.

"ह्यो कुणाचा नवरा लावलाय? आमच्या ह्यांचा तीळ डाव्या गालावर हाय!"

"काकू, समदी मानसं मधल्या सायबाकडं बघत पायजेत. म्हणून फोटू उलटा केला."

आप्पा हसले. "ऱ्हाऊ दे गं. मतं मागायला दोन्ही गाल लागत्यात."

मी मात्र तडक घरी आले आणि कासवाचा फोटो उलटा केला. एकेक खवला जुन्या डाव्या गालाशी जुळत गेला. खाचसुद्धा जागेवर आली.

दुसऱ्या दिवशीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी पहिल्यांदा आपणहून माइक सुरू केला.

"मॅडम, ही नवी नाही. फोटो उलटा आहे."

"उलटा कोण कशाला करेल?"

"हा फोटो आपल्या पोस्टरवरून घेतलाय का? पोस्टरवर कासव मजकुराकडे बघतंय. सरळ फोटोत ते बाहेर बघत असणार. मूळ फोटो मागवू या."

एरवी कुणी असं उलट विचारलं, की मी घाईनं माघार घेते. त्या दिवशी घेतली नाही.

किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्यानं संध्याकाळी मूळ फोटो पाठवला. डावा गाल होता. मॅडमचा एका ओळीचा निरोप आला: "बरोबर. नोंद तूच दुरुस्त कर."

मी तिच्या जुन्या नोंदीखाली या वर्षीचं येणं जोडलं. मग सगळ्यांना मेल लिहिला, की यापुढे मूळ फोटो असल्याशिवाय जुळवणी होणार नाही. माझ्या मेलची सुरुवात नेहमी 'सॉरी'नं होते. या मेलची झाली नाही.