दोरीच्या ठशांची मडकी

धनजच्या नानीबाईने जन्मभर मडकी घडवली, पण मडक्याला दोरी कधी लागू दिली नाही. गावात कुणी गेलं की तिरडीपुढे विस्तवाचं मडकं दोरीला बांधून नेतात. मडकं कुंभार देतो, दोरी मयताच्या घरची. कुंभाराच्या अंगणात या दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही, असा तिच्या सासूचा नेम होता आणि तो तिने पाळला होता.

त्या दिवशी ती तळ्यावरून माती घेऊन आली, तर अंगणात ओली मडकी मांडलेली. प्रत्येकाच्या अंगावर बुडापासून गळ्यापर्यंत सुतळीचे पीळ उमटलेले. माती उतरवायचंही तिला सुचेना.

"लखन! काय करून ठेवलं रे हे?"

"कॉलेजातल्या मॅडमले पाह्यजे, माय," तिचा लेक म्हणाला. "हजारो वर्सांआधी चीनमंधी लोक असे मडके करत. लाकडी थापीले सुतळी गुंडाळायची न् ओल्या मडक्यावर थापटायचं. हे फोटो पाह्य."

"घरात दिवस भरलेली बाई हाय, न् तू मडक्याले दोरी लावून राह्यला?"

"त्या चीनवाल्यायचं त काई बिघडलं नाई."

"ते जित्ते हायेत काय तुले सांगायले?"

लखन हसला. नानीबाईने हात ओला केला आणि एका मडक्यावरचे ठसे पुसायला घेतले. बोटांखाली पीळ विरत गेले, मडकं गुळगुळीत झालं. दुसऱ्याला हात घालणार तोच दारातून सून निता म्हणाली, "आत्याबाई, पुसू नका. ते म्या थापटले. यायनं नुसती सुतळी गुंडाळून देल्ली."

नानीबाईचा हात जागीच राहिला. पोटुशीच्या हातचं मोडू नये, हाही त्याच सासूचा नेम. ठेवावं तर दोरी, पुसावं तर सुनेच्या पोटाला धक्का. आणि एक तर तिने पुसून टाकलं होतं.

"असं काय पाह्यता?" निता म्हणाली आणि भिंतीला टेकली. तिचा चेहरा पिळवटला. "आत्याबाई... लय दुखून राह्यलं."

कारंज्याच्या दवाखान्याकडे जाताना नानीबाईने ऑटोच्या बाहेर पाहिलंच नाही. गोठ्यातलं दावं, विहिरीवरचा दोर, काय दिसेल याचा भरवसा नव्हता. तिथे निताच्या मागे दार लागलं. आतून कण्हणं येई, मधेच थांबे.  तिच्या बोटांवर त्या पुसलेल्या मडक्याची माती वाळली होती. ती धुवायचंही तिला भय वाटत होतं.

दार उघडलं. "आजी, नात झाली," नर्स म्हणाली. "पहिले हात धुवून या."

"पोरगी... बरी हाय?"

"बरी हाय. हात धुवा."

तिने डोळे मिटून नळाखाली हात धरले. मग पोर घेतलं आणि आधी बोट त्याच्या मानेभोवती फिरवलं. पुढून, मागून. मान उबदार होती, कातडी सपाट होती, दोरीचा पीळ कुठेच नव्हता. पोरीने तोंड वाकडं करून टाहो फोडला. नानीबाईने पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"आत्याबाई," खाटेवरून निताचा बारीक आवाज आला, "मडके झाकले काय? उन्हात तडकतीन."

नानीबाईने पोरीला छातीशी धरलं. मग दाराशी उभ्या लखनकडे न पाहताच म्हणाली, "घरी जाय. ओलं गोणपाट टाक त्यायच्यावर."

"न् तुवं पुसलेलं?"

"त्याले ओलंच ठेव. हात चालू लागले का निताच सुतळीच्या थापीनं थापटन त्याले."

तिचं बोट अजून पोरीच्या मानेवरच होतं.