शेवंतीचा खंड्या

दाजी चितारी म्हणजे महा हट्टी माणूस. लाकडी पोपट-घोडे रंगवण्यात सावंतवाडीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचा. त्याच्या घरात एक रीत होती. बायकामुलींनी लाकूड घासायचं, अंगाचा रंग भरायचा. डोळा मात्र घरातल्या कर्त्यानेच काढायचा. त्याशिवाय वस्तू दुकानात जायची नाही.

१९५८ साली त्याची मुलगी शेवंती सातवी झाली आणि पुढे शिकायचं म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. नेमका तेव्हाच एका शाळेने आपल्या वन्यप्राण्यांच्या संग्रहालयात चित्रांचा दिवस ठरवला. मुलांनी आईबापांना घेऊन यायचं, प्राण्यांची माहिती ऐकायची, आणि समोर दिसेल ते काढायचं. पहिल्या येणाऱ्याला तिथले चित्रकलेचे नाईक मास्तर स्वतः शिकवून मुंबईच्या चित्रकलेच्या परीक्षेला बसवणार होते.

"पयली इलंस तर शाळा," दाजीने सांगून टाकलं. "नायतर गुमान घरात बसान पोपट घासूचे."

त्याच्या बायकोने, नर्मदेने, कपाळाला हात लावला. या माणसाच्या तोंडून शब्द सुटला की सुटला!

त्या दिवशी संग्रहालयात नुसती जत्रा. पेंढा भरलेला बिबट्या, भेकर, खवल्या मांजर, आणि काचेच्या कपाटात पक्षी. मास्तर एकेकाची माहिती सांगत होते. शेवंती मात्र खंड्यासमोर मांडी ठोकून बसली ती दोन तास हलली नाही. मग नर्मदेबरोबर पाणी प्यायला बाहेर गेली, तेव्हा दाजीने चित्र पाहिलं आणि त्याची छाती फुगली. काय ती चोच, काय तो पंखांवरचा निळा! पण डोळ्याच्या जागी कोरा कागद.

"चेडू डोळोच इसारलां!" तो पोरीवर चुकचुकला.

कानावरचा कुंचला त्याच्या हातात कधी आला, त्याचं त्यालाच कळलं नाही. एक काळा थेंब, त्यात पांढरा ठिपका. खंड्या कसा जिवंत झाला. कपाटाकडे मान वळवून बघायची बुद्धी मात्र या शहाण्याला झाली नाही. खंड्या त्याला जन्मभराचा पाठ होता ना!

शेवंती परतली, कागद बघितला आणि तिचा चेहरा पडला. पण ती काही बोलायच्या आत मास्तरांनी कागद गोळा केले.

"मघाशी फेरी मारताना मी एक चित्र पाहिलं," सगळ्यांसमोर मास्तर म्हणाले, "त्यात डोळा नव्हता. या खंड्याचा काचेचा डोळा कधीच गळून पडलाय. इतक्या मुलांत एकानेच नीट बघितलं, असं मला वाटलं होतं." त्यांनी शेवंतीचा कागद वर धरला. "मग हा डोळा कुणी काढला?"

दाजीने मान वर केली. आजूबाजूला अर्धी वाडी उभी, सगळी ओळखीची. माझा हात, मास्तर, माझीच चूक. एवढंच तर बोलायचं होतं. शेवंतीने बापाकडे बघितलं. तो आपला खाली फरशीकडे बघतोय.

"मियाच काढलंय," ती म्हणाली. "डोळ्याशिवाय बरो दिसा नाय होतो."

मास्तरांनी कागद बाजूला ठेवला. पहिला नंबर भेकर काढणाऱ्या दुसऱ्याच मुलाला गेला.

घरी आल्यावर तरी या बाबाने आपला शब्द मागे घ्यायचा! तेही नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि शेवंती घरात बसली. नर्मदा चार दिवस नवऱ्याशी भांडली, मग तिनेही हात टेकले. सतराव्या वर्षी पोरीचं लग्न झालं, रेडी गावात.

ती गोष्ट दाजीला आतून खात राहिली. पण सांगणार कुणाला? शेवटी सदुसष्ट साली न राहवून तो रेडीला गेला. शेवंती अंगणात कोकमं वाळत घालत होती. दाजी पायरीवर बसला आणि भडाभडा सगळं बोलून मोकळा झाला: डोळा मी काढला, तुझं नुकसान मी केलं, तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी बोलू दिलं. बोलता बोलता म्हातारा रडायला लागला.

शेवंतीने हातातलं सूप खाली ठेवलं.

"बाबा, ह्या माका कित्याक सांगतास? माका सगळा म्हायत आसा," ती म्हणाली. "ह्या तेव्हा मास्तरांक सांगूचा होता."