घागरीचं घमेलं

लातूर जिल्हा झाला तशी गावाची ऐट वाढली, पाणी मात्र आटलं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढत होत्या आणि नळाच्या रांगेत बायकांच्या प्लास्टिकच्या घागरी एकमेकींवर आपटून फुटत होत्या. त्या फुटक्या घागरी गुरुपादप्पा विकत घ्यायचा. लिंगायत वाण्याच्या पोरानं भंगारात हात घालावा हे भावकीला रुचलं नव्हतं, पण गडी कुणाला जुमानणारा नव्हता.

त्याची खंत वेगळीच होती. इथलं भंगार ट्रकनं हैदराबादेला जायचं, तिथं वितळायचं आणि नवी घागर होऊन लातूरच्याच बाजारात यायचं. हैदराबाद निजामाच्या काळी आपली राजधानी, आता परमुलूख! शेवटी त्यानं प्लास्टिक वितळवून साच्यात घालायचं यंत्र आणलं आणि गंजगोलाईच्या बाजारात चारचौघांत बोलून बसला, "यापुढं माझा एक ट्रकबी भाईर जाणार न्हाई. गेला तर नाव बदला माझं."

यंत्राच्या पूजेला जंगमस्वामी आले. त्यांचे पाय धुऊन झाल्यावर गुरुपादप्पानं हौसेनं पहिल्या नव्या घागरीतलं पाणी पुढं केलं. सगळी भावकी बघत होती. स्वामींनी एक घोट घेतला, कसाबसा गिळला.

"अप्पा," ते शांतपणे म्हणाले, "हे पिऊ, का ह्याच्यावर दिवा लावू?"

भावकीची हसून पोटं दुखली, आणि पुढं ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. गुरुपादप्पानं घाईघाईत रॉकेलचे जुने कॅनही घागरींबरोबर वितळवले होते! त्याचं तोंड एवढंसं झालं. जेवायला बसल्यावर तो बायकोला, गौरम्माला म्हणाला, "यंत्र विकतो. उद्या हैदराबादचा ट्रक बोलावतो."

"वास पाण्याला लागतो, मातीला लागतोय का?" गौरम्मा भाकरी वाढत म्हणाली. "माझ्या भावजया औशाला दुष्काळी कामावर लोखंडी घमेली वाहायल्यात. उन्हात टाळू भाजून निघते त्यांची."

बायकोनं शहाणपण सांगितलं की नवऱ्याला आधी राग येतो, मग अक्कल. गुरुपादप्पाला दोन्ही एकदमच आली. त्यानं साचा बदलला. घमेली निघाली ती हिरवी, तांबडी, काही तर दोन्ही रंगांची, दिसायला अगदीच बेढब. पण हलकी होती, आणि कामावरच्या बायकांनी ती हातोहात उचलली.

पुढचा पावसाळाही कोरडाच गेला. एका दुपारी औशाच्या कामावरची साखराबाई चिरलेलं घमेलं काखेत मारून दुकानात आली. गुरुपादप्पाला वाटलं, आता ही चारचौघांत शिव्या घालणार!

"लई राबलं हो अप्पा हे," ती घमेलं पुढ्यात ठेवत म्हणाली. "म्हनलं, टाकायचं कशाला? तुमच्याकडं पुन्हा नवं व्हतंय की."

गुरुपादप्पाला भरून आलं. हैदराबादचं नावसुद्धा तिच्या ओठी नव्हतं. तो आत वळून ओरडला, "गौरम्मा, बाईला पाणी आण!"

साखराबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. "पिते," ती म्हणाली, "पन कोणत्या घागरीतलं हाय, तेवढं सांगा."

"तांब्याच्या!" आतून गौरम्मा म्हणाली.