मी लिहिलं होतं

अजून आठवलं की डोकं फिरतं.

आमच्या गावच्या दूध केंद्रावर मी बरीच वर्षं मापाला बसलो. गाव शिरूरपासून लांब न्हाई. माझी शाळा चौथीत सुटली, पुढं मेंढरांमागं हिंडलो. इंग्रजी अक्षरं शिकलो ती ट्रकांच्या नंबरपाट्यांवरून, आन् तेवढ्यावर कॉम्प्युटरही चालवला. केंद्राचा रिवाज एकच: जे माप भरलं ते मोठ्यानं पुकारायचं. दूध घालणाऱ्याला ऐकू जातं, मागच्या रांगेलाही जातं. मग कुणी कुणाला चोर म्हणत न्हाई.

दोन हजार आठच्या सुमाराला पुण्याच्या एका इंजिनिअरनं नवा प्रोग्राम बसवला. आता आधी नाव आन् पासवर्ड, मग माप. पहिल्याच सकाळी बसलो. नाव घातलं. पासवर्डच्या चौकटीत एकेक अक्षर दाबलं, दाबताना सवयीनं मोठ्यानं पुकारलं. काळे ठिपके उमटले. ओके दाबलं तर चौकटीला लाल कड, खाली ओळ: पासवर्ड रिकामा आहे.

रिकामा? मग ते ठिपके काय मुंग्या होत्या?

पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. बाहेर किटल्यांवर ऊन आलं. केंद्राच्या सेक्रेटरीनं इंजिनिअरला फोन लावला आन् स्पीकर चालू ठेवला.

"आजोबा लिहितच नसतील," तो तिकडून हसला. "म्हातारी माणसं नुसतंच ओके दाबतात."

सेक्रेटरी, माझ्या मांडीवर खेळलेलं पोर, मला म्हणतो, "आबा, ऱ्हाऊ द्या. उद्यापासून दुसऱ्या कुणाला बसवू. तुम्हाला न्हाई जमायचं."

टाळकंच सरकलं. खुर्ची गेली तर जाऊ दे खड्ड्यात. पण न लिहिता लिहिलं म्हणणारा माणूस मी? मग आजवर पुकारलेल्या मापांचं काय?

रांगेतली एक म्हातारी पदर खोचून पुढं आली. "लिव्हलं न्हाई कसं? समद्यांनी ऐकलं की! जी, एच, ओ, डी..." पुढची अक्षरं रांगेनं पुरी केली. घोडनदी, आन् शेवटी सात.

"अहो, पासवर्ड गुपित असतो!" फोन ओरडला.

"हितं काय हातभट्टी हाय व्हय रं, गुपित ठेवायला?" म्हातारीनं फोनलाच सुनावलं.

सकाळचं दूध कसंबसं कागदावर घेतलं. दुपारी तो स्वतः आला. माझ्याकडं न बघता खुर्चीत बसला, स्वतः लिहिलं. लाल. पुन्हा लाल. मग लॅपटॉप उघडून प्रोग्रामच्या ओळी धुंडाळल्या. शेवटी सेक्रेटरीच्या कानाशी पुटपुटला: बाकीच्या चौकटी प्रोग्रामच्या तपासणीला सरळ जोडता येतात, पासवर्डची तशी जोडता येत नाही, वेगळी जोडावी लागते. ती राहिली. लिहिलेलं तपासणीपर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून तिला चौकट रिकामी दिसत होती.

त्यानं ती जोडली. "झालं आबा, बसा," सेक्रेटरी म्हणाला.

मी बसलो न्हाई. "कानात नको. सांजच्या रांगेसमोर पुकारा."

इंजिनिअरला पुण्याला परतायची घाई. मी दारात उभा. रांग आली तसा तो बोलला, "आबांनी बरोबर लिहिलं होतं. चूक माझी."

"मोठ्यानं. मागं ऐकू जात न्हाई."

कान लाल करून त्यानं पुन्हा पुकारलं. तवा बसलो.

सेक्रेटरीनं मात्र आजवर तोंडातून माफीचा शब्द काढला न्हाई. त्याच्या घरचं पातळ दूध आलं, की फॅट मी जरा जास्तच मोठ्यानं पुकारायचो.